कुंगफू खऱ्या मारामारीत किती कामाला येतं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी ते इथे छापत आहोत. गटाच्या साप्ताहिक बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं, ही विनंती.)



दरवर्षी या सभेत मी कर्जफेड, बँक जोडणी आणि दशसूत्रीवर बोलते. आज माझा विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. विषय आहे कुंगफू. हसा, पण ऐका. कारण या विषयात आपल्या एका ग्रामसंघाचे वीस हजार रुपये आणि एका मुलीची शाळा अडकलेली आहे.

त्याचं असं झालं. आपल्या एका गावातून हायस्कूल चार किलोमीटरवर आहे. मुली चालत जातात. वाटेत ओढ्यावर पूल आहे आणि त्या पुलाच्या कठड्यावर काही पोरं बसलेली असतात. पावसाळ्यात एक दिवस त्यातल्या एकानं नववीतल्या मुलीचा हात धरला. ती कशीबशी सुटून घरी आली. वडील म्हणाले, झालं तेवढं शिक्षण बास, आता शाळा बंद. त्याच आठवड्यात गावात एक पत्रक आलं. 'दहा दिवसांत कुंगफू. आपली मुलगी निर्भय करा. शेवटी प्रमाणपत्र.' फी एका मुलीला पाचशे रुपये. चाळीस मुली धरल्या तर वीस हजार. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव मांडला गेला की हे पैसे निधीतून द्यावेत. तेव्हा एक मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलाय म्हणे ते. खरंच चालतं का हो मारामारीत, का नुसतं पिक्चरमध्ये?"

मी त्यांना म्हटलं, एका वाक्यात सांगता यायचं नाही, सभेत सांगते. तर आज सांगते.

आधी माझी गोष्ट, कारण मावशींनी ती धरूनच विचारलं होतं. कॉलेजात असताना दोन वर्षं मी एका क्लासला जात होते. आठवड्यातून तीन दिवस. हातांच्या, पायांच्या हालचालींच्या लांबलचक मालिका मला तोंडपाठ होत्या. स्नेहसंमेलनात त्या करून दाखवल्या तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. पुढे या कामाला लागले. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी बसची वाट बघत उभी होते. मागून एका माणसानं माझं मनगट धरलं. तायांनो, दोन वर्षांत शिकलेली एकही हालचाल माझ्या अंगातून बाहेर आली नाही. मी नुसती उभी राहिले. तीन-चार सेकंद गेले असतील, मला ते फार मोठे वाटले. मग एकदम पोटातून आवाज निघाला, "ए, हात सोड!" शेजारी पालेभाजी विकणाऱ्या मावशी ताडकन उठल्या, दोन माणसं वळली आणि तो माणूस हात सोडून चालता झाला.

त्या रात्री मी खूप रडले. दोन वर्षं पाण्यात गेली असं वाटलं. पुष्कळ वाचल्यावर आणि चांगल्या शिक्षकांशी बोलल्यावर कळलं, की सगळी पाण्यात गेली नव्हती. काय वाया गेलं आणि काय उपयोगी पडलं, हेच आज सांगायचं आहे.

कुंगफू हा शब्द चिनी आहे आणि त्याचा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. वेळ देऊन, मेहनत करून अंगी आणलेलं कसब, असा त्याचा अर्थ. हातावर पातळ भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातातही त्या अर्थानं कुंगफू आहे. पुढे चीनमधल्या लढण्याच्या शेकडो जुन्या पद्धतींना मिळून जगात हेच नाव पडलं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे हनान प्रांतातला शाओलिन मठ. हा बौद्ध मठ पाचव्या शतकाच्या अखेरीचा. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्म नावाच्या भिक्षूनं तिथे ही विद्या शिकवली, अशी कथा आहे. इतिहासकार ती खरी मानत नाहीत, पण सांगितली मात्र सगळीकडे जाते.

आपल्याला आवडेल अशीही एक कथा आहे. विंग चुन नावाची कुंगफूची एक शाखा आहे. एक गुंड यिम विंग चुन नावाच्या मुलीशी बळजबरीनं लग्न करायला निघाला होता. तेव्हा एका भिक्षुणीनं तिला ही पद्धत शिकवली आणि तिनं त्याला हरवलं, असं सांगतात. हीसुद्धा दंतकथाच. पण ती पद्धत आजही जिवंत आहे आणि जवळून लढायची आहे. हाँगकाँगमध्ये इप मान नावाचे गुरू ती शिकवायचे. सिनेमातला ब्रूस ली पोरवयात त्यांच्याकडेच शिकला.

आता चांगलं काय ते आधी सांगते.

पहिलं म्हणजे पाय. कुंगफूत सुरुवातीला तासन्‌तास घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायला लावतात. मांड्या भरून येतात, रडू येतं. पण त्यानं माणूस जमिनीत रोवल्यासारखा उभा राहायला शिकतो. धक्का बसला तरी चटकन पडत नाही. मारामारीत खाली पडणं फार वाईट, म्हणून हे महत्त्वाचं. मलाही त्या संध्याकाळी मागून हिसका बसला, पण मी पडले नाही.

दुसरं म्हणजे जवळून मारायची विद्या. विंग चुनसारख्या पद्धतीत हात लांब फिरवत नाहीत. कोपर, तळहाताचा मनगटाकडचा भाग, गुडघा, पायाची खालून नडगीवर मारलेली लाथ, असली हत्यारं वापरतात. बाईवर हल्ला होतो तो बहुतेक वेळा अंगाशी येऊन. तिथे उंच उडी मारून मारलेली लाथ काय कामाची? कोपर मात्र कामाला येतं.

तिसरं म्हणजे आवाज आणि नजर. चांगल्या क्लासमध्ये प्रत्येक फटक्याबरोबर पोटातून आवाज काढायला लावतात. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, हळू बोल, खाली बघ. ती सवय मोडायला वेळ लागतो. माझ्या दोन वर्षांतलं सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असेल तर ते हेच.

आणि चौथं, अंगात ताकद येते, श्वास टिकतो, चालण्यात फरक पडतो. मुलगी ताठ चालायला लागली की तिला स्वतःलाच वेगळं वाटतं. हे काही थोडं नाही.

आता कमी कुठे पडतं ते सांगते. इथे मला भीड ठेवायची नाही.

कुंगफूच्या बऱ्याच क्लासमध्ये मुख्य शिकवतात त्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका. समोर माणूस नाही, हवेतच मारायचं. जोडीदार असला तरी तो ठरल्याप्रमाणे हात पुढे करतो, ठरल्याप्रमाणे मार खातो आणि ठरल्याप्रमाणे पडतो. खरा माणूस तसं करत नाही. तो ओढतो, ढकलतो, केस धरतो, दुसऱ्या हातानं तोंड दाबतो. काठावर उभं राहून कितीही हात मारले तरी विहिरीत पोहता येत नाही. पाण्यात उतरावंच लागतं, नाकातोंडात पाणी जावंच लागतं.

हे माझं एकटीचं मत नाही. खुद्द चिनी गुरूंच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 1954 साली मकाऊ इथे दोन नावाजलेल्या गुरूंची जाहीर लढत झाली. एक ताई ची पद्धतीचे, दुसरे पांढरा बगळा या पद्धतीचे. लोकांना वाटलं होतं, बगळ्याच्या पंखासारखे डौलदार हात बघायला मिळतील. प्रत्यक्षात दोघंही अंदाधुंद हात चालवत होते आणि नाकातून रक्त आलं. दुसऱ्या फेरीतच लढत थांबवली गेली आणि कुणालाच विजयी ठरवलं नाही.

1964 साली ब्रूस लीची अमेरिकेत ओकलंड शहरात वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंगफू शिक्षकाशी बंद दारामागे लढत झाली. कोण जिंकलं, यावर दोन्ही बाजूंचं कधी एकमत झालं नाही. पण ब्रूस ली स्वतःवर नाराज झाला. आपल्याला धाप लागली, शिकलेलं जुनं तंत्र अपुरं पडलं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं व्यायाम बदलला, मुष्टियुद्धातलं आणि इतर पद्धतींमधलं जे उपयोगी ते घेतलं आणि पुढे आपली स्वतःची पद्धत काढली. ज्याच्यामुळे जग कुंगफू बघायला लागलं, त्यालाच त्यात बदल करावासा वाटला, हे लक्षात घ्या.

अलीकडचं उदाहरण 2017 सालचं. चीनमधल्या चेंगदू शहरात शू श्याओदोंग नावाच्या, रिंगणात लढायची सवय असलेल्या माणसानं वेई लेई नावाच्या ताई ची शिक्षकाशी लढत केली. अर्ध्या मिनिटाच्या आत शिक्षक खाली पडलेले होते. चीनमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला.

मग कुंगफू खोटं म्हणायचं का? तसं नाही. 1949 नंतर चीन सरकारनं या विद्येला खेळाचं रूप दिलं. त्यात गुण मिळायचे ते उडीला, लवचिकपणाला आणि सफाईला. बघायला सुंदर, पण समोर कुणी नाही. 1979 पासून मात्र तिथे सांदा नावाच्या प्रकाराच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यात त्याच ठोसे-लाथा आणि त्याच पकडी, पण हातात मोजे घालून, खऱ्या लढणाऱ्या माणसासमोर. हेबेई प्रांतातली झांग वेईली नावाची मुलगी लहानपणी कुंगफू शिकली, मग सांदा शिकली. 2019 साली तिनं यूएफसी या जगातल्या मोठ्या लढतींच्या स्पर्धेत 42 सेकंदांत किताब जिंकला. तो किताब मिळवणारी चीनमधली ती पहिलीच खेळाडू. मुळं कुंगफूचीच, पण सराव रोज समोर जोर लावणाऱ्या जोडीदाराबरोबर. सगळा फरक इथे आहे.

हे कळायला आपल्याला चीनला जायची गरज नाही. आपल्या तालमीतला पैलवान रोज दुसऱ्या पैलवानाच्या अंगावर जातो. कबड्डी खेळणाऱ्या मुलीला चौघीजणी धरतात आणि ती तरीही रेषेकडे हात नेते. तिला पकड म्हणजे काय ते माहीत असतं. म्हणून मला विचाराल, तर नुसत्या मालिका पाठ केलेल्या मुलीपेक्षा दोन वर्षं कबड्डी खेळलेली मुलगी पुलावर लवकर सुटेल.

आता जरा सगळ्या उभ्या राहा. हो, आज्जी, तुम्ही बसल्या तरी चालेल. शेजारणीकडे तोंड करा. एकीनं दुसरीचं मनगट धरायचं. हलकं धरा. आता ज्यांचं धरलंय त्यांनी बघा, तिची चार बोटं एका बाजूनं आलीत आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं. बोटांची टोकं आणि अंगठा जिथे भेटतात, तिथे पकड कच्ची असते. आपल्या मनगटाची कड त्या फटीकडे वळवा, कोपर वाकवून तिच्या अंगाकडे न्या आणि झटक्यात अंगठ्याच्या बाजूनं हात काढा. सुटला? छान. सगळ्यांचे सुटले.

आता तीच पकड, पण खरी धरा. सोडायचंच नाही असं ठरवून, दुधाची किटली धरता तशी. काढा हात. बघा, निम्म्याजणींचे सुटले नाहीत. आणि ही तर आपली मैत्रीण आहे, भर दुपार आहे, तुम्हाला आधी सांगितलेलं आहे. पुलावर यातलं काहीच नसतं. पत्रकातल्या दहा दिवसांवर माझा आक्षेप आहे तो यासाठी.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पत्रकात लिहिलेली नसते. भीती वाटली की शरीर कधी पळतं, कधी झुंजतं आणि कधी दगडासारखं थिजतं. हात थरथरतात, बारीक हालचाली जमत नाहीत, आजूबाजूचं दिसेनासं होतं. हे भित्रेपण नाही, शरीराची ती रीतच आहे. म्हणून ज्यात सात पायऱ्या लक्षात ठेवायला लागतात तो डाव त्या वेळी उपयोगाचा नसतो. दोनच गोष्टी, पण हजार वेळा केलेल्या, त्या बाहेर येतात. आणि ज्या मुलीला त्या वेळी हात उचलता आला नाही, तिला घरी आल्यावर कुणीही म्हणू नये, "एवढं शिकवलं होतं, मग मारलं का नाहीस?" माझ्यासमोर तसं कुणी बोललं तर मी भांडेन.

वजनाचाही हिशोब आहे. चाळीस किलोची मुलगी आणि सत्तर किलोचा माणूस. सिनेमात चालतं, जमिनीवर ते वजन जाणवतं. दोघं-तिघं असले किंवा हातात चाकू असला, तर कुठल्याही पद्धतीचा प्रामाणिक शिक्षक एकच सांगेल, पळा. लढायचं ते सुटण्यापुरतं. एक फटका, मग पळ, आणि माणसं आहेत त्या दिशेनं पळ.

इथे मला तुमच्याशी थोडं जड बोलायचं आहे. आपण क्लास लावतो तेव्हा डोळ्यांसमोर काय असतं? अंधार, सुनसान रस्ता, अनोळखी गुंड. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. बलात्काराच्या नोंदलेल्या शंभर गुन्ह्यांमध्ये नव्वदाहून जास्त गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा, लग्नाचं वचन दिलेला. अशा माणसाला पहिल्या क्षणी कोपर मारायला हात उठेल का? "काकांना असं कसं बोलायचं," इथेच मुलगी अडते. हा अडसर दूर करायचं शिक्षण कुंगफूच्या मालिकेत नसतं.

ते देता येतं, आणि त्याचा उपयोग होतो, हेही तपासलेलं आहे. कॅनडामध्ये तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे मुलींवर एक मोठा अभ्यास झाला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली. निम्म्यांना बारा तासांचं शिक्षण दिलं. त्या बारा तासांत ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणं, संकोच बाजूला ठेवून ठामपणे नाही म्हणणं आणि वेन-डो नावाची स्त्रियांसाठीच बनवलेली सोपी स्वसंरक्षणाची पद्धत, एवढं होतं. वर्षभरानं बघितलं, तर पत्रकं मिळालेल्या मुलींमध्ये शंभरात जवळजवळ दहाजणींवर बलात्कार झाला होता. शिक्षण मिळालेल्यांमध्ये शंभरात पाच. धोका संपला नाही, पण जवळजवळ निम्मा झाला. बारा तासांत कुणी कुंगफूत तरबेज होत नाही. तिथे काम केलं ते ओळखण्यानं, बोलण्यानं आणि थोड्याशा, पण खऱ्या सरावानं.

कुंगफूच वापरून हे करणाऱ्या बायाही आहेत. नेपाळमध्ये काठमांडूजवळ द्रुकपा पंथाच्या बौद्ध भिक्षुणींचा मठ आहे. त्या रोज कुंगफू करतात, जग त्यांना कुंगफू भिक्षुणी म्हणूनच ओळखतं. त्यांनी मुलींच्या विक्रीविरुद्ध काठमांडूपासून लेहपर्यंत सायकलनं प्रवास केला आणि लडाखमध्ये मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं घेतली. कुंगफूनं त्यांना अंगात बळ दिलं आणि त्या बळावर त्या चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडून घ्यायचं आहे ते हे.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कुंगफू चालतं, जर ते वेळ देऊन, समोर जोर लावणारा जोडीदार घेऊन, साध्या दोन-चार गोष्टींचा हजारदा सराव करून शिकवलं तर. दहा दिवसांत, हवेत हात मारून आणि प्रमाणपत्र वाटून शिकवलं, तर चालत नाही. उलट धोकाही आहे. मुलीला वाटतं आपल्याला येतं, आई-बापांना वाटतं आता काळजी नाही, आणि दोघंही गाफील राहतात.

म्हणून वीस हजारांचा ठराव करण्याआधी त्या शिक्षकांना बैठकीत बोलवा आणि पाच गोष्टी विचारा. आपण कर्ज देताना विचारतो तसंच, न लाजता.

एक, मुली एकमेकींना खरं धरून सराव करणार का, की नुसत्या रांगेत उभ्या राहून हात मारणार?

दोन, आवाज, नाही म्हणणं, पळणं आणि मदत मागणं शिकवणार का?

तीन, ओळखीच्या माणसाबद्दल बोलणार का? तिथे बाई शिक्षिका किंवा आपली एखादी ताई कायम हजर राहील का?

चार, दहा दिवसांनंतर काय? आठवड्यातून एक दिवस, वर्षभर यायची तयारी आहे का? प्रमाणपत्र नसलं तरी चालेल.

पाच, कुणाला लागलं, मुरगळलं, तर काय व्यवस्था आहे?

उत्तरं पटली तर पैसे द्या, मी सोबत आहे. नाही पटली तर आपल्याकडे दुसरे मार्ग आहेत. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचं शिक्षण द्यायची तरतूद आहे. त्याला रानी लक्ष्मीबाई यांचं नाव दिलेलं आहे. आपल्या शाळेत ते होतं का, झालं असेल तर नुसतं फोटोपुरतं झालं का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. तिथे आपल्यातल्या बऱ्याचजणी सदस्य आहेत. आणि मुलींचा कबड्डीचा संघ उभा करा. त्याला वीस हजार लागत नाहीत, मैदान लागतं आणि संध्याकाळी मुलींना तासभर घरकामातून मोकळं करावं लागतं. ते आपल्या हातात आहे.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण "मुलीनं मारलं तर तिच्यावरच केस होईल" ही भीती मी प्रत्येक गावात ऐकते. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 त्याविषयी आहेत. अट एवढीच, की बळ गरजेपुरतं वापरायचं. सुटल्यावर, तो पडल्यावर पुन्हा पुन्हा मारणं याला रक्षण म्हणत नाहीत. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायदा आहे. तातडीची मदत लागली तर 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. हे तीन नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शेवटी पुन्हा त्या पुलाकडे येते. आपण सगळा विचार केला तो मुलीनं काय शिकायचं याचा. त्या पोरांनी पुलावर बसून मुलींना त्रास का द्यायचा, हे कुणी विचारलं? मुलीनं लाथ शिकावी, जरूर शिकावी. पण तिनं लाथ शिकेपर्यंत शाळा बंद, हा न्याय मला पटत नाही. चूक पुलावर झाली आणि शिक्षा घरात झाली.

त्या गावच्या ग्रामसंघाला मी हेच सांगितलं. क्लासचा निर्णय पुढच्या बैठकीत सावकाश घ्या. पण मुलीची शाळा पुढच्या बैठकीची वाट बघत थांबू शकत नाही. म्हणून आधी तिच्या घरी जा. एकटी प्रेरिका नको, पाच-सहा जणी जा. वडिलांना दोष देऊ नका, त्यांना भीती वाटली आहे. त्यांना सांगा, उद्यापासून मुली एकट्या जाणार नाहीत, सगळ्या मिळून जातील आणि पहिले काही दिवस गटातल्या दोघी पुलापर्यंत सोबत चालतील. पुलावर दिवा आणि पोलिसांची फेरी, हे दोन विषय ग्रामसभेत लेखी मांडा. त्या पोरांच्या आयाही आपल्याच गटांमध्ये आहेत. त्यांच्याशीही बोलावं लागेल. ते बोलणं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. त्या बोलण्याला मी स्वतः येईन.

त्या दिवशी बसची वाट बघताना माझा आवाज निघाला म्हणून मी वाचले. पण त्या आवाजानं भाजीवाल्या मावशी उठल्या, हेही तितकंच खरं. त्यांनी कधी कुंगफू शिकलेलं नव्हतं. त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या. उद्या त्या पुलावरून एखाद्या मुलीचा आवाज आला, तर रानात खुरपणाऱ्या आपण सगळ्या उठून उभ्या राहू, एवढं आज इथे ठरवून जाऊ या.